एक तिकीट की दोन तिकिटे? परदेश प्रवासातील जोडउड्डाणांचा हिशेब

अमरावती-अकोल्याच्या व्यापारी कुटुंबांना परदेश प्रवासाचे आता फारसे अप्रूप राहिलेले नाही. मुलगा न्यू जर्सीत संगणक क्षेत्रात असतो, मुलगी लंडनला किंवा टोरांटोला स्थायिक झालेली असते आणि आईवडील दरवर्षी तीन-चार महिन्यांसाठी तिकडे जाऊन येतात. व्यवसायाच्या निमित्तानेही प्रवास वाढला आहे. कोणी ग्वांगझूच्या कँटन फेअरला जातो, कोणी दुबईला, कोणी हिऱ्यांच्या व्यवहारासाठी अँटवर्पला, तर दालमिलचे मालक तुरीच्या आयातीसाठी थेट टांझानिया-मोझांबिकपर्यंत पोहोचतात.

या सर्व प्रवासांत एक गोष्ट समान असते. वऱ्हाडातून निघणाऱ्याला एका उड्डाणात परदेशी जाता येत नाही. आधी मुंबई, दिल्ली किंवा नागपूर गाठायचे, तेथून विमान, पुष्कळदा मध्ये आणखी एका देशात बदल, आणि मग मुक्काम. असे दोन-तीन टप्पे ठरलेलेच. तिकीट काढण्याची वेळ आली की प्रश्न उभा राहतो: सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा, की प्रत्येक टप्प्याचे स्वस्तात मिळेल ते तिकीट वेगवेगळे घ्यावे? मोबाईलवर दोन्ही भाव समोर दिसतात. तुकड्यांची बेरीज माणशी सात-आठ हजारांनी कमी भरते. व्यापारी मनाचा कल साहजिकच तिकडे झुकतो आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र कोणताही सौदा केवळ भाव पाहून करायचा नसतो, त्याच्या अटीही पाहायच्या असतात, हे आपल्या वाडवडिलांनीच आपल्याला शिकवले आहे. या लेखात त्याच दृष्टीने या सौद्याच्या दोन्ही बाजू मांडल्या आहेत.

तिकीट हा करार आहे

ट्रान्सपोर्टच्या व्यवहारातील उदाहरण घेऊ. अकोल्याहून कोइमतूरला माल पाठवायचा आहे. एकाच कंपनीने कोइमतूरपर्यंतची बिल्टी फाडली, तर वाटेत नागपूरला गाडी बदलली काय किंवा दुसऱ्या कंपनीच्या गाडीत माल चढवला काय, कोइमतूरला माल पोचवण्याची जबाबदारी पहिल्या बिल्टीनेच स्वीकारलेली असते. याउलट आपण नागपूरपर्यंत एक आणि नागपूरहून पुढे दुसरी अशा दोन बिल्ट्या केल्या, तर पहिल्या कंपनीचा संबंध नागपूरला संपला. तेथे माल उशिरा पोचला आणि पुढची गाडी निघून गेली, तर दुसरा म्हणणार, ‘माल वेळेवर आला नाही, आमचा काय दोष?’ दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि माल मध्येच पडलेला.

विमानाच्या तिकिटाचे नेमके हेच आहे. एका तिकिटात अकोला परिसरातील प्रवाशाला नागपूरहून नेवार्कला पोचवण्याचा एकच करार असतो. दोन तिकिटांत दोन निराळे करार असतात आणि त्या दोहोंना जोडणारी एकमेव व्यक्ती म्हणजे स्वतः प्रवासी.

पूर्वी विमानाचे तिकीट म्हणजे कार्बन असलेल्या कुपनांची एक पुस्तिका असे. प्रत्येक टप्प्याचे एक कुपन. विमानतळावर ते फाडून घेत. १ जून २००८ पासून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, निर्णयानुसार कागदी तिकिटे बंद झाली व ई-तिकिटे आली. कागद गेला तरी कुपनाची कल्पना तशीच आहे. ई-तिकिटाला तेरा अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात: एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६, कतार एअरवेजचे १५७. बँकेत धनादेशाचा क्रमांक जसा व्यवहाराची ओळख असतो, तसाच हा क्रमांक कराराची ओळख असतो.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. पुष्कळ लोक सहा अक्षरी पीएनआर पाहून निर्धास्त होतात. पीएनआर ही आरक्षणाची नोंद आहे. एका नोंदीत दोन वेगळी तिकिटे असू शकतात आणि एकाच तिकिटावरील दोन कंपन्यांचे पीएनआर वेगळे असू शकतात. म्हणून एजंटाकडून किंवा संकेतस्थळावरून तिकीट हाती आले की तेरा अंकी क्रमांक पाहावा. सर्व टप्प्यांना एकच क्रमांक असेल तर ते एक तिकीट. टप्पे पुष्कळ असल्यास लागोपाठचे जोड क्रमांकही येतात. तशा वेळी हे एकत्रित तिकीट आहे ना, असे एजंटाला स्पष्ट विचारून घ्यावे.

मग वेगवेगळ्या कंपन्या एका तिकिटावर कशा येतात? त्यांच्यात आपसांत करार असतात, त्यांना ‘इंटरलाइन’ म्हणतात. प्रवासी सगळे पैसे एका कंपनीला देतो आणि पुढची देवघेव कंपन्या आपसांत मिटवतात. त्यासाठी आयाटाचे क्लिअरिंग हाऊस १९४७ पासून काम करीत आहे. आमच्या बँकांच्या क्लिअरिंग हाऊससारखीच ही व्यवस्था. ज्या कंपन्यांमध्ये असा करार नाही, त्यांची उड्डाणे एका तिकिटावर येऊ शकत नाहीत. स्वस्त दराच्या अनेक कंपन्या या व्यवस्थेपासून पूर्णतः किंवा अंशतः दूर असतात. त्यांच्या स्वस्ताईचे ते एक कारण आहे.

दुवा तुटतो तेव्हा

आमच्या परिचयातील अकोल्याचे एक ज्येष्ठ दांपत्य सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस निघाले होते. नागपूर-दिल्ली एका कंपनीचे तिकीट, दिल्लीहून युरोपमार्गे नेवार्क दुसऱ्या कंपनीचे. दोन विमानांत चार तासांचे अंतर होते आणि दोघांची मिळून चौदा हजारांची बचत झाली होती. महिना जानेवारीचा. दिल्लीच्या धुक्यामुळे नागपूरचे विमान साडेतीन तास उशिरा पोचले. पट्ट्यावरून बॅगा घेऊन हे दोघे दुसऱ्या काउंटरवर धावत गेले, तोवर तो बंद झालेला होता. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा काउंटर साधारणतः एक तास आधी बंद होतो.

पहिल्या कंपनीने सांगितले, ‘आम्ही आपणांस दिल्लीला पोचवले आहे.’ दुसऱ्या कंपनीच्या नोंदीत ते ‘नो-शो’, म्हणजे न आलेले प्रवासी ठरले. खरा धक्का पुढे होता. तिकिटावरील कुपने क्रमानेच वापरावी लागतात. पहिले कुपन न वापरल्यास बहुतेक कंपन्या पुढची सर्व कुपने रद्द करतात. त्यामुळे चार महिन्यांनंतरचा परतीचा प्रवासही त्याच क्षणी रद्द झाला. ऐन वेळची नवी तिकिटे, दिल्लीतील मुक्काम आणि फोनवरची धावपळ यांत दीड लाखाहून अधिक रक्कम गेली. ते तीन दिवस उशिरा पोचले, तोपर्यंत नातवाचा जन्म झाला होता. पैशांचे नुकसान पुढे भरून निघाले असेल. सून रुग्णालयात एकटी असताना आईवडील दिल्लीत अडकले होते, हे शल्य मात्र त्या घरात राहिले.

हाच प्रवास एका तिकिटावर असता, तर धुके पडलेच असते व विमानही चुकलेच असते. परंतु पुढच्या उपलब्ध विमानात बसवून नेवार्कला पोचवण्याचे काम कंपनीचे झाले असते आणि परतीचे तिकीट अबाधित राहिले असते. आणखी एक गोष्ट. एका तिकिटावर दोन विमानांमधील अंतर किती असावे, हे प्रत्येक विमानतळासाठी ठरवलेले असते. त्याला किमान जोडवेळ म्हणतात. त्याहून कमी अंतराची उड्डाणे सामान्यतः एका तिकिटावर विकलीच जात नाहीत. स्वतंत्र तिकिटे काढताना ही राखण कोणी करीत नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, प्रवासी हक्कांविषयीचे नियम आहेत. विमान पुरेशा पूर्वसूचनेशिवाय रद्द झाले, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून मिळते. या नियमात पुढचे विमान चुकलेल्या प्रवाशाचाही विचार आहे. पण शब्द असे आहेत की ते पुढचे उड्डाण ‘त्याच तिकीट क्रमांकावर’ नोंदवलेले असावे. हवामान, संप यांसारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी ही भरपाई लागू होत नाही.

युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम प्रवाशांना अधिक अनुकूल आहे. युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानास, तसेच युरोपीय कंपनीच्या युरोपात येणाऱ्या विमानास तो लागू होतो. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात मोठा विलंब झाल्यास ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. येथेही मेख तीच. प्रवास एकाच आरक्षणावर असेल, तर अंतिम मुक्कामी किती उशीर झाला हे पाहिले जाते. युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. पहिले विमान केवळ तासभर उशिरा आले, पण त्यामुळे पुढचे चुकून मुक्कामी दहा तासांनी पोचलो, तर एका आरक्षणावर दहा तास मोजले जातात. दोन आरक्षणांवर तासभराचाच उशीर मोजला जातो, आणि त्याला काहीच मिळत नाही.

या बाबतीत आपली रेल्वे अधिक उदार आहे, हे नमूद केले पाहिजे. १ एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांचे पीएनआर एकमेकांस जोडता येतात आणि पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे नियमानुसार परत मिळते. विमानात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र तिकिटांना अशी जोडणी नाही.

सामानाचा हिशेब

भाड्यातील फरक पाहताना सामानाचा खर्च बहुतेक जण विसरतात. अमेरिकेस जाणाऱ्या प्रवाशाला इकॉनॉमी वर्गात बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे ४६ किलो सामान नेता येते. देशांतर्गत विमानात ही मर्यादा बहुधा १५ किलो असते. सगळा प्रवास एका तिकिटावर असेल, तर साधारणपणे आंतरराष्ट्रीय मर्यादा देशांतर्गत टप्प्यासही लागू होते. तिकिटे वेगळी असतील, तर ३१ किलो जादा ठरतात.

दोघांचा हिशेब मांडू. जादा सामानाचा दर किलोला ५०० रुपये धरला, तर ३१ किलोचे १५,५०० आणि दोघांचे ३१,००० रुपये झाले. जाताना पापड, लोणची, मसाले, खाकरे आणि येताना नातेवाइकांच्या भेटवस्तू. परतीच्या वेळी बॅगा रिकाम्या नसतातच. म्हणजे जाऊन-येऊन ६२,०००. स्वतंत्र तिकिटांमुळे जाण्यायेण्याची बचत माणशी ९,००० धरली तर दोघांची १८,००० होते. ताळेबंद ४४,०००ने तोट्यात गेला. जादा वजन आगाऊ खरेदी केल्यास दर काहीसा कमी पडतो. काही कंपन्या आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवल्यावर सवलतही देतात. पण ती सवलत आहे किंवा नाही, हे तिकीट घेण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे, काउंटरवर नव्हे.

दुसरा मुद्दा बॅगांच्या प्रवासाचा. एका तिकिटावर बॅग सामान्यतः अंतिम मुक्कामाचा टॅग लावून पुढे जाते. यालाही अपवाद आहेत. अमेरिकेत शिरताना पहिल्या विमानतळावर बहुधा बॅग घेऊन सीमाशुल्क तपासणी करून पुन्हा द्यावी लागते. परदेशातून परत येताना मुंबई किंवा दिल्लीतही तसेच करावे लागते. स्वतंत्र तिकिटांत मात्र प्रत्येक तुटलेल्या जागी बॅग पट्ट्यावरून उचलून नव्याने काउंटरवर द्यावी लागते. सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी चार बॅगा घेऊन हे करणे सोपे नाही. त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची मागवली असेल, तर तीही प्रत्येक आरक्षणावर स्वतंत्रपणे नोंदवावी लागते.

बॅग तुटली किंवा उशिरा आली तर काय करायचे? १९९९ चा माँट्रियल करार २००९ मध्ये भारताने स्वीकारला आहे. त्यानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत द्यावी लागते. दाव्याची मुदत २ वर्षे आहे. विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. दोन तिकिटांच्या प्रवासात बॅग कोणत्या टप्प्यात तुटली याबद्दल वाद होऊ शकतो. म्हणून मध्यंतरी बॅग हाती आली की ती नीट पाहून घ्यावी.

व्हिसाचा अदृश्य अडसर

स्वतंत्र तिकिटांतील सर्वांत मोठा धोका अनेकांच्या लक्षातच येत नाही. मधल्या देशात बॅग घेऊन नव्याने काउंटरवर जायचे म्हणजे इमिग्रेशन ओलांडून त्या देशात प्रवेश करायचा. त्यासाठी त्या देशाचा प्रवेशाचा व्हिसा किंवा तशी सवलत लागते. एका तिकिटावर जो प्रवासी आतल्या आत विमान बदलून पुढे गेला असता, तोच दोन तिकिटांवर व्हिसाअभावी अडकतो. किंबहुना त्याला भारतातूनच चढू देत नाहीत, कारण योग्य कागदपत्रांशिवाय प्रवासी नेल्यास कंपनीला दंड होतो.

प्रत्येक देशाचे नियम निराळे. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी भारतीय नागरिकास व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये विमानतळाच्या आत विमान बदलण्यासाठीही भारतीयांना विशिष्ट व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांचा वैध व्हिसा असणाऱ्यांना ठराविक अटींवर सूट आहे. असे नियम बदलत असतात. म्हणून शेजाऱ्याच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. तिकीट घेण्यापूर्वी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे.

वऱ्हाडातून निघताना

आपल्या भागातील प्रवाशांपुढे प्रत्यक्षात चार मार्ग आहेत.

पहिला नागपूरचा. नागपूरहून दोह्याला थेट विमानसेवा गेली अनेक वर्षे आहे. एका तिकिटावर नागपूर-दोहा-पुढील मुक्काम असा प्रवास घेतला, की इमिग्रेशन नागपूरलाच होते आणि मुंबई-दिल्लीची दगदग वाचते. अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून सुमारे अडीचशे. भाडे थोडे जास्त दिसले, तरी मुक्काम व जादा सामान यांचे पैसे धरून तुलना करावी.

दुसरा मार्ग रेल्वेने मुंबई आणि तेथून विमान. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. आपण ज्या दिवशी अमरावती एक्स्प्रेसने किंवा अकोल्याहून हावडा मार्गावरील गाडीने मुंबईचे विमान गाठायला निघतो, त्या दिवशी आपण स्वतंत्र तिकिटांवरच प्रवास करीत असतो. गाडी उशिरा पोचली तर विमान कंपनी थांबणार नाही. तथापि या मार्गाचे दोन गुण आहेत. अमरावती एक्स्प्रेस संध्याकाळी निघून सकाळी मुंबईत पोचते. विमान त्या दिवशी रात्रीचे असेल, तर मध्ये पूर्ण दिवसाचे अंतर मिळते. दुसरे म्हणजे रेल्वेत वातानुकूलित द्वितीय वर्गात ५० किलो आणि तृतीय वर्गात ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. ४६ किलोच्या दोन बॅगा द्वितीय वर्गात सहज बसतात.

तिसरा मार्ग अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचा. १६ एप्रिल २०२५ रोजी अलायन्स एअरच्या एटीआर विमानाने मुंबई सेवा सुरू झाली, ही आपल्या सर्वांच्या आनंदाची गोष्ट. परंतु ही सेवा आठवड्यातून तीन दिवस, याप्रमाणे सुरू झाली. एक उड्डाण रद्द झाले, तर पुढचे विमान दुसऱ्या दिवशी असेलच असे नाही. शिवाय अलायन्स एअर ही पूर्वी एअर इंडियाची उपकंपनी होती, तरी २०२२ च्या एप्रिलपासून ती वेगळी झाली असून शासनाच्या मालकीची आहे, तर एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. ‘दोन्ही एकच’ या जुन्या समजुतीवर विसंबू नये. पुढचे विमान एकाच तिकिटावर मिळते का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे आणि न मिळाल्यास आदल्या दिवशीचे विमान घ्यावे. अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून अद्याप नियमित प्रवासी सेवा नसल्याने अकोलेकरांना हा पर्याय बडनेरामार्गे अमरावती गाठूनच घ्यावा लागतो.

चौथा मार्ग समृद्धी महामार्गाने मोटारीचा. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. पण रात्रभर गाडी चालवून सकाळचे विमान गाठण्याचा अट्टहास टाळावा.

मुंबईला जाताना आता आणखी एक काळजी. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली. जुन्या विमानतळाची खूण बीओएम, तर नव्याची एनएमआय. तिकिटाच्या संकेतस्थळावर दोन्ही ‘मुंबई’ म्हणून एकत्र दिसू शकतात. नव्या विमानतळावर उतरून जुन्यावरून पुढचे विमान घ्यायचे असेल, तर मुंबईची वाहतूक ओलांडून जावे लागते. जुन्या विमानतळाचीही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ ही दोन ठिकाणे रस्त्याने जोडलेली आहेत. लंडनचे हीथ्रो व गॅटविक आणि न्यूयॉर्कचे जेएफके व नेवार्क यांचेही असेच आहे. शहराचे नाव न वाचता विमानतळाची खूण वाचावी.

आहार आणि वेळ

आपल्या वाचकांसाठी हा विषय महत्त्वाचा. विमान कंपन्यांच्या यादीत जैन भोजनास व्हीजेएमएल असा स्वतंत्र संकेत आहे. सामान्य शाकाहारी भोजनात कांदा, लसूण व कंदमुळे असू शकतात, म्हणून हाच संकेत नोंदवावा. ही नोंद बहुधा किमान २४ तास आधी करावी लागते. काही कंपन्या अधिक वेळ मागतात. दोन तिकिटे असतील, तर एका कंपनीला सांगितलेले दुसरीला कळत नाही. प्रत्येक तिकिटावर नोंद करून तिची पुष्टी घ्यावी. विमान चुकून दुसऱ्या विमानात बसण्याची वेळ आली, तर ही नोंद बहुधा पुढे जात नाही. म्हणून दोन वेळचा कोरडा फराळ हातातील पिशवीत असावाच. मात्र काही देशांत फळे व दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी असते, तेव्हा उतरण्यापूर्वी ते संपवावेत.

चौविहार पाळणाऱ्यांनी वेळापत्रक पाहताना भाड्याबरोबर सूर्यास्ताचाही विचार करावा. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे येताना झपाट्याने मावळतो. मधल्या विमानतळावर दिवसा दोन-तीन तास मिळतील असा जोड निवडता आला, तर ज्येष्ठांची सोय होते.

स्वतंत्र तिकिटे केव्हा योग्य?

इतके सांगितल्यावर, स्वतंत्र तिकिटे घेऊच नयेत, असा अर्थ कोणी काढू नये. काही प्रसंगी तीच शहाणपणाची असतात. मुंबईत किंवा दुबईत दोन-तीन दिवस नातेवाइकांकडे थांबायचेच असेल, तर एका तिकिटाचा आग्रह कशाला? माणूस तरुण, हातात एकच छोटी बॅग, मधल्या देशाचा व्हिसा हाती, आणि एक दिवस उशीर झाला तरी कामाचे नुकसान नाही, अशा व्यापाऱ्याने स्वतंत्र तिकिटांची बचत अवश्य घ्यावी. काही गावांना एका तिकिटावर जाण्याची सोयच नसते. तेव्हा दुसरा इलाजही नसतो.

पथ्ये मात्र पाळावीत. देशांतर्गत टप्पा आदल्या दिवशीचा घ्यावा. त्याच दिवशी घेणे भागच असेल, तर दिवसाचे पहिले विमान निवडावे, म्हणजे ते रद्द झाले तरी मागून येणारी विमाने उरतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीऐवजी मुंबईमार्गे जाणे बरे. उशीर होणार असे दिसताच, पुढचे विमान सुटण्यापूर्वीच त्या कंपनीला फोन करून तारीख बदलून घ्यावी. शुल्क पडेल, पण ‘नो-शो’चा शिक्का व त्यासोबत परतीचे तिकीट जाणे टळेल. विमान चुकलेच, तरी न वापरलेल्या तिकिटावरील विमानतळ शुल्क व वैधानिक कर परत मागता येतात. ते मागण्यास विसरू नये.

एक दिवसाचे अंतर ही चैन नाही, याची साक्ष अलीकडच्या घटना देतात. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत विक्रमी पाऊस होऊन विमानतळ विस्कळीत झाला. २३ जून २०२५ रोजी कतारचे आकाश काही तास बंद झाले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. अशा वेळी ज्यांचा देशांतर्गत टप्पा स्वतंत्र तिकिटावर असतो, त्यांना रद्द झालेल्या विमानाचे पैसे परत मिळतात, पण पुढचे आंतरराष्ट्रीय विमान आपल्या हिशेबाने सुटून जाते.

विमा, कार्ड आणि थकबाकी

बँकेतील नोकरीमुळे दोन शब्द. प्रवास विम्याच्या पत्रकात ‘मिस्ड कनेक्शन’ हा शब्द पाहून समाधान मानू नये. स्वतंत्र तिकिटांना ते लागू आहे का, दोन विमानांत किमान किती तासांचे अंतर असण्याची अट आहे आणि भरपाईची कमाल मर्यादा किती, हे तीन प्रश्न विचारावेत. काही संकेतस्थळे दोन कंपन्यांची तिकिटे एकत्र विकताना स्वतःची ‘हमी’ देतात. ती हमी विमान कंपनीची नसून विक्रेत्याची असते. तिच्या अटी तशाच वाचाव्यात.

विमान कंपन्या बुडतात, हेही आपण पाहिले आहे. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. गो फर्स्टने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला व दुसऱ्या दिवसापासून उड्डाणे बंद केली. अशा वेळी आगाऊ पैसे भरलेला प्रवासी हा विनातारण धनको ठरतो आणि रांगेत त्याचा क्रमांक शेवटी लागतो. तिकीट क्रेडिट कार्डावर घेतले असल्यास न मिळालेल्या सेवेबद्दल बँकेकडे मुदतीत हरकत नोंदवण्याचा मार्ग तरी राहतो. रोखीने एजंटाला दिलेल्या पैशास तो नाही. व्यवसायासाठी प्रवास असेल, तर तिकिटावर पेढीचा जीएसटी क्रमांक घालावा. दोन तिकिटांची दोन बिले होतात, तेव्हा दोन्ही ठिकाणी घालावा. कंपनीने दाद न दिल्यास केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.

तिकीट घेण्यापूर्वी

घरातील जाणत्या मुलाने मोबाईलवर ‘पे’चे बटण दाबण्यापूर्वी पुढील सात प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे भरावीत:

१. सर्व टप्प्यांना एकच तेरा अंकी तिकीट क्रमांक मिळणार आहे का?
२. ‘सेल्फ ट्रान्सफर’ किंवा तत्सम शब्द कोठे लिहिलेला आहे का? असल्यास ती दोन तिकिटे समजावीत.
३. प्रत्येक टप्प्यावर किती किलो सामान चालेल, आणि जादा सामानाचा एकूण खर्च किती?
४. मधल्या देशात बाहेर पडावे लागेल का, आणि त्याचा व्हिसा आहे का?
५. उतरण्याचा व चढण्याचा विमानतळ व टर्मिनल एकच आहे का?
६. पहिले विमान रद्द झाले, तर पुढचे केव्हा?
७. जैन भोजन व चाकाची खुर्ची प्रत्येक आरक्षणावर नोंदवली का?

या उत्तरांनंतर जी बचत शिल्लक राहील, तीच खरी बचत. तिच्यासमोर शेवटी एकच प्रश्न मांडावा: विमान चुकले, तर नवे तिकीट काढण्याची रक्कम आणि एका दिवसाचा उशीर आपण सोसू शकतो का? लग्नकार्य, बाळंतपण, परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा कोर्टाची तारीख यांसाठी निघालेल्या माणसाचे उत्तर ‘नाही’ असेच असणार. त्याने एकच तिकीट घ्यावे. वृद्ध आईवडील एकटे जात असतील, तर त्यांच्यासाठीही एकच तिकीट घ्यावे, मग ते आठ हजारांनी महाग का असेना. ती रक्कम भाड्यात न धरता त्यांच्या निर्विघ्न प्रवासाच्या विम्याचा हप्ता म्हणून खात्यात लिहावी.